पैनगंगेच्या दोन काठांचे दोन रुपये

१/ १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पैनगंगेपलीकडचा नांदेडचा मुलूख निजामाकडेच राहिला. दोन्ही काठांची भाषा मराठी, नाममात्र धनीही एकच. रुपये मात्र दोन: इकडे इंग्रजांचा ‘कळदार’, तिकडे निजामाचा ‘हाली सिक्का’.

२/ विसाव्या शतकातील रूढ दर होता ७ हाली = ६ कळदार; म्हणजे १०० कळदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. पलीकडे ७० रुपयांना विकलेल्या कापसाचे अलीकडे ६०च होत.

३/ १९४८मध्ये संस्थान भारतात सामील झाले. हाली मात्र १९५९पर्यंत वैध राहिला. म्हणून मराठवाड्यातील जुन्या खतात ‘रुपये’ दिसताच ‘कोणते?’ हे आधी पाहावे. अन्यथा हिशेब सातव्या हिश्श्याने चुकतो.