रानाच्या दारी रोपवाटिका

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणी म्हणाला, "मी झाडांची रोपे विकण्याचा धंदा काढतो," तर ऐकणारा हसेल. "अहो, पाऊल टाकावं तिथं झाड! इथं रोप विकत घेणार कोण?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि हा धंदा करू पाहणाऱ्याने ते आधी ऐकून घ्यावे.

रानात आपोआप येणारा साग वाफ्यात कशाला पेरावयाचा? हा विचार आपल्या देशात मोडला तो मलबारात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या जहाजांना मलबारचे सागवान लागे. रान विरळ होऊ लागले, तेव्हा तेथील कलेक्टर कॉनोली यांनी 1840च्या दशकात निलंबूर येथे साग लावावयास घेतला. मौज अशी की, प्रथम बी उगवेचना! पुढे चातु मेनन यांच्या देखरेखीखाली रोपे साधली आणि सागाची लागवड उभी राहिली.

बी का उगवेना? सागाच्या फळाचे कवच टणक. म्हणून ते काही दिवस आळीपाळीने पाण्यात भिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग गादीवाफ्यावर पेरतात. वर्षाने रोप उपटून शेंडा आणि बारीक मुळ्या छाटल्या, की अंगठ्याएवढे जाड, वीतभर मूळ आणि वर दोन बोटे खोड उरते. हीच सागजडी. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती कोठेही नेता येते. बघा, झाडाचे असे गाठोडे बांधता आले तेव्हाच रोपांचा मोठा व्यवहार शक्य झाला.

आता आपल्या चांद्याकडे वळू. 1865 सालापासून वनकायदे आले आणि रानाचा मालक सरकार झाले. वाफे सरकारचे, बी सरकारचे, गिऱ्हाईकही सरकारच. गावकरी तेथे होता, पण झारी घेऊन रोजाने पाणी घालणारा. 1974 साली राज्याचे वनविकास महामंडळ निघाले. 1982 साली सामाजिक वनीकरण विभाग आला, आणि त्याच वर्षी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. झाड शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात पोहोचले, तसा खाजगी रोपवाटिकेलाही वाव मिळाला.

पण एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर भरवसा ठेवणे धोक्याचे. राज्याच्या वृक्षलागवडीचे उद्दिष्ट 2016 साली 2 कोटी होते; 2019 साली ते 33 कोटींवर गेले. अशी मागणी पुरासारखी येते आणि पुरासारखीच ओसरते. रोप मात्र थांबत नाही. समजा, आपण दहा हजार पिशव्या भरल्या आणि पावसाळ्यात सहाच हजार गेल्या. उरलेल्यांच्या मुळ्या पिशवी फोडून जमिनीत शिरतात. मग त्या हलवा, मोठ्या पिशवीत भरा, उन्हाळाभर पाणी द्या. न विकलेले कापड कपाटात राहते. न विकलेले रोप रोज पाणी मागते!

मग टिकेल कोण? ज्याला आपल्या रानाचे बी कळते तो. मोहाचे बी फार दिवस जगत नाही. ते ताजे असतानाच पेरले पाहिजे. मानवेल बांबू कित्येक वर्षांनी फुलतो, बी टाकतो आणि मरून जातो. ते बी ज्याने वेळेवर वेचले त्याचेच वाफे भरतात. शहरातून आणलेल्या शोभेच्या झाडांना ही विद्या लागत नाही. तिचे मोल इथल्या माणसाजवळच आहे.

दुसरी गोष्ट विश्वासाची. आंब्याचे कलम घेणाऱ्याला जात खरी की खोटी हे कळते फळ धरल्यावर, म्हणजे काही वर्षांनी. म्हणून तर 1969 साली राज्याला फळरोपवाटिकांसाठी कायदा करून परवाना लावावा लागला. कायदा खुंट-कलमाची नोंद मागतो; शेजारी मात्र शब्द मागतो. कोणत्या झाडाचे बी, केव्हा पेरले, हे वहीत लिहून ठेवावे आणि विचारणाऱ्याला दाखवावे.

आणि गिऱ्हाईक? 2006 सालच्या वनहक्क कायद्याने चित्र पालटले आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. ज्या गावाला रान राखायचे आहे, त्याला ते पुन्हा लावावेही लागेल. तेव्हा रोपे मागणारा आपला शेजारीच असेल.

दीडशे वर्षे इथल्या माणसाने दुसऱ्याच्या वाफ्याला पाणी घातले. हात तेच आहेत, विद्याही तीच. आता वाफा त्याचा असावा. पहिल्या वर्षी दहा हजार नको, हजारच पिशव्या भराव्यात. पण त्यातले प्रत्येक रोप कोणत्या झाडाचे लेकरू आहे, हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता यावे.