खाजेवरची दोन औषधे

खाज ही तशी क्षुल्लक व्याधी. तिने प्राण जात नाही. झोप मात्र जाते. पेडणे तालुक्यातील पार्से गावासारख्या ठिकाणी मिरगापासून पुढे चार महिने ओल सरत नाही. भिजल्या वस्त्रानिशी शेतात राबणाऱ्याच्या जांघेत वा काखेत नायटा उठतो, आणि तो औषध शोधू लागतो. या शोधाला गोमंतकात जुना इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात नायट्यावरचे एक औषध हिंदुस्थानात ‘गोवा पावडर’ या नावाने विकले जाई. नाव गोव्याचे, वस्तू मात्र परदेशची. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडात साठणारी ही पिवळसर भुकटी पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गाने इकडे येई. हे मूळ १८७५ च्या सुमारास दा सिल्व्हा लिमा या ब्राझीलमधील डॉक्टरांनी उलगडून दाखविले. भुकटी लिंबाच्या रसात कालवून लावीत. ती कातडीची आग करी, कपड्यांवर डाग पाडी, डोळ्यांत गेल्यास इजा करी. तरीही नायट्याला तिने गुण येई, म्हणून लोक तो त्रास सोशीत.

विसाव्या शतकात नेमके उलट गुणधर्माचे औषध आले. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना मिळाले. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्याच कुळातील हायड्रोकॉर्टिझोनचे मलम कातडीवर गुणकारी असल्याचे दाखविले. इसबाने गांजलेल्यांना ते वरदानच वाटले. पुढे बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी कितीतरी पट प्रखर मलमे निघाली.

दाह हा शरीराचा प्रतिकार होय. ही मलमे तोच शमवितात. इसबात प्रतिकारच अनावर झालेला असतो, म्हणून तेथे गुण येतो. नायट्यात मात्र बुरशी हा शत्रू असतो. तेथे हे मलम पहारेकऱ्याला निजविते आणि चोराला मोकळे सोडते. खाज थांबते, बुरशी पसरत राहते. चेहऱ्यावर महिनोगणती लावल्यास कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरीत असल्याचे आढळले. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना न विकण्याच्या यादीत घातली.

म्हणून मलमाला भ्यावे, असे मात्र नव्हे. इसबाच्या रुग्णाने भयापोटी ते टाळले, तर तो खाजवून खाजवून जखमा करून घेतो. आधी रोगाची ओळख पटवावी. मग डॉक्टरांनी सांगितलेले मलम, सांगितलेले दिवस, दिवसातून एकदा वा दोनदा, पातळ थराने लावावे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत नळीतून काढलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. प्रौढाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरते. चेहरा, जांघ आणि तान्ह्या मुलांची कातडी यांबाबत विशेष जपावे. दीर्घकाळ लावलेले मलम मनानेच एकदम सोडू नये. आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची नळी घरी आणू नये. त्याचे इसब असेल, आपला नायटा असेल. गोवा पावडरची आग लावताक्षणीच कळे. या मलमाचा अपाय कळायला महिने जातात.