शिवनेरीच्या कड्यावरचे एक नाव

जुन्नरचा शिवनेरी किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शिवाईचे देऊळ पाहिले असेल, १६३० साली शिवाजीमहाराज जन्मले ती जागा पाहिली असेल. पण जिथे पाऊल ठरत नाही अशा कड्याकडे भाद्रपद-आश्विनात कधी निरखून पाहिले आहे का? कातळाच्या भेगांतून बोटाएवढ्या जाड, रसाळ फांद्या लोंबत असतात आणि त्यांवर गर्द तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची, पाच टोकांची फुले चांदण्यांसारखी बसलेली असतात. ही वनस्पती जगात फक्त आपल्या सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर आपणहून उगवते. पुरंदरशेजारचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड ही त्यांतलीच ठिकाणे. मला आज सांगायचे आहे ते तिच्या नावाविषयी.

शास्त्राच्या दप्तरात तिची नोंद झाली ती १८६५च्या सुमारास. नोंद करणारा डाल्झेल हा मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातला स्कॉटिश अधिकारी. गिब्सनबरोबर त्याने १८६१ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचे पुस्तक काढले होते. जुन्नरकडच्या डोंगरातली ही वनस्पती पाहून तो चकित झाला, कारण तिच्या बहुतेक भाऊबंदांना पाने अशी नसतातच. नुसत्या हिरव्या कांड्या. हिला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद पाने फुटतात आणि उन्हाळ्यात ती गळून जातात. म्हणून त्याने तिचे घराणेच वेगळे काढले आणि नाव दिले ‘फ्रेरिया इंडिका’. शास्त्रीय नावातला पहिला शब्द आडनावासारखा आणि दुसरा तिच्या स्वतःच्या नावासारखा समजा. ‘इंडिका’ म्हणजे हिंदुस्थानातली. आणि फ्रेरिया? ते त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर. १८६२ ते १८६७ ते गव्हर्नर होते. मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली ती त्यांच्याच अमदानीत. त्याआधी ते साताऱ्याला रेसिडेंट होते. १८४८ साली छत्रपती शहाजीराजे वारले, तेव्हा दत्तकाचा हक्क मानावा असे त्यांनी सरकारला लिहिले होते. सरकारने ऐकले नाही, राज्य खालसा केले आणि कारभार पाहायला त्यांनाच बसवले!

पुढची गंमत पाहा. १९५८ साली रौली नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ठरवले की हिचे घराणे वेगळे नाही, ही ‘कॅरलुमा’ घराण्यातलीच. पण त्या घरात ‘इंडिका’ नावाची एक आधीच नांदत होती, आणि एका घरात एकाच नावाच्या दोघी चालत नाहीत. मग ही झाली ‘कॅरलुमा फ्रेराय’. गव्हर्नरसाहेब आडनावातून उठले आणि नावात येऊन बसले. हिंदुस्थान मात्र बाहेर गेला. २००२ साली तिला आणखी एका घरात नेले, ‘बौसेरोशिया’. हा ग्रीक शब्द, बैलाच्या शिंगांवरून आलेला. तिच्या जोडशेंगा पाहिल्या की शिंगे आठवतातही.

इतके होईपर्यंत आपल्या लोकांनी तिला काय म्हटले? शिंदळ माकुडी. या नावातला पहिला शब्द खेड्यात शिवीसारखा वापरतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा सहलीत एका धनगराच्या पोराला मी नाव विचारले, तर त्याने आमच्या विद्यार्थिनींकडे पाहून मान खाली घातली. मग बाजूला येऊन हळूच सांगितले, आणि शेळ्या कुठवर चढून ती खातात तेही दाखवले. अलीकडे शिवनेरीवरून ‘शिवसुमन’ हे नाव रूढ होत आहे. नाव गोड आहे, फळ्यावर लिहायला सोपे आहे. शिक्षकबंधूंनी ते जरूर वापरावे. पण वहीत जुने नावही लिहून घ्यावे असे मला वाटते. ते तिच्याजवळ राहणाऱ्यांनी दिलेले आहे, आणि ते विचारल्याशिवाय ती कुठल्या कड्यावर उरली आहे हे कोण सांगणार?

कारण उरली आहे ती थोडी. वणवा, शेळ्या, ढासळणारे कडे, आणि दुर्मिळ म्हणून ऐकून फांदी मोडून नेणारे हौशी लोक. फांदीचा तुकडा कुंडीत सहज रुजतो, म्हणून परदेशातल्या काचघरांतही ती आज फुलते. कड्यावरची भेग मात्र एकदा रिकामी झाली की तिथे दुसरी फांदी लावायला कुणी दोर बांधून उतरत नाही.