चरख्याची चालकशक्ती

यंत्राचे सामर्थ्य वाढवू पाहणाऱ्याने प्रथम त्याला पोसणाऱ्या शक्तीचा हिशेब मांडावा, हा विवेक वर्ध्याच्या ग्रामोद्योगांच्या इतिहासात चरख्याच्या निमित्ताने स्पष्ट दिसतो. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे इनाम जाहीर केले, तेव्हा ८ तासांत १६,००० फूट सूत निघावे या अपेक्षेइतकेच ठळक कलम असे होते की, ते यंत्र हाताने वा पायाने चालावे आणि खेड्यातील स्त्रीला फारसा शीण न होता ८ तास चालविता यावे. इनाम कोणालाच मिळाले नाही. परंतु मगनलाल गांधींचे नाव धारण करणाऱ्या मगन चरख्याने, चाक पायाच्या पावडीवर सोपवून दोन्ही हात मोकळे केले आणि दोन चात्यांवर एकाच वेळी सूत काढणे शक्य केले. चात्या दुप्पट करण्यासाठी येथे शक्तीचा स्रोतच बदलला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

१९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हाच विचार घाणी, चुली, दिवे यांना लावला, आणि १९३८ साली तेथे मगन संग्रहालय उघडले.

आज संगणकात अधिक बलवान ग्राफिक्स कार्ड बसविणाऱ्यालाही हाच क्रम पाळावा लागतो: ३०० वॅटचे कार्ड क्षणभर त्याहून पुष्कळ अधिक वीज ओढते, म्हणून प्रोसेसरसह साऱ्या भागांची बेरीज करून, वर पुरेशी शिल्लक राखूनच पॉवर सप्लाय निवडावा.