लाल त्रिकोणापर्यंतचा रस्ता

डहाणूजवळच्या सरावलीहून चारोटी नाक्यावर गेले की मुंबई–अहमदाबाद महामार्ग लागतो. पूर्वीचा क्रमांक 8, आताचा 48.  कासा, तलासरी, अच्छाड या पट्ट्यातल्या गॅरेजांना काम दिले ते या रस्त्यावरच्या रहदारीने. गाडीचे दुखणे ओळखायची रीत दोन-तीन पिढ्यांत किती पालटली, हे अशा महामार्गालगतच्या गावांतून नीट दिसते.

जुन्या मिस्त्रीचे पहिले हत्यार म्हणजे कान. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायची आणि टॅपेट वाजतोय की बेअरिंग, ते सांगायचे. मग धूर बघायचा. काळा असेल तर इंधन जास्त जातेय, निळा असेल तर ऑइल जळतेय, पांढरा धूर थांबतच नसेल तर इंजिनात पाणी शिरतेय. प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडरच्या जमान्यात डॅशबोर्डावरचे दिवे मोजकेच. डायनॅमो चार्ज करत नाही किंवा ऑइलचा दाब उतरला, एवढे ते सांगत. एक दिवा, एक कारण. काट्यांऐवजी असे दिवे बसवण्याची सुरुवात अमेरिकेत हडसन कंपनीने 1930च्या दशकात केली होती आणि पुढे सगळ्यांनी तीच रीत उचलली.

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा मात्र वेगळ्या घराण्यातला. तो आला धुरावरच्या कायद्यातून. लॉस एंजेलिसच्या काळवंडलेल्या हवेने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने 1988च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत अशी सक्ती केली. 1996पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे कोड आणि सोळा पिनांचे एकच सॉकेट आले. भारतात 1999च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीत युरो मानके लागू झाली आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. एप्रिल 2010मध्ये बीएस-4 मानकांबरोबर ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या याच व्यवस्थेचा, पहिला टप्पा आला, 2013मध्ये दुसरा. डहाणूकरांना या दिव्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. हवा आणि चिकूच्या वाड्या राखण्यासाठी केंद्र सरकारने हा तालुका 1991मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. हा पिवळा दिवाही हवेचाच राखणदार आहे.

या दिव्यांच्या जगात मग पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी आली. टोयोटाची प्रियस जपानमध्ये 1997च्या डिसेंबरात विक्रीला आली, भारतात 2010मध्ये. त्याआधी 2008मध्ये होंडाची सिव्हिक हायब्रिड इथे येऊन गेली होती. महाराष्ट्रानेही यात हात घातला. पुण्याच्या केपीआयटीने भारत फोर्जला सोबत घेऊन 2010मध्ये ‘रिव्होलो’ पुढे आणले. साध्या पेट्रोल गाडीलाच हायब्रिड करणारा हा संच. त्याचा बाजार उभा राहिला नाही, पण कल्पना धाडसाची होती आणि तिची आठवण राहायला हवी. 2018मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टाटांच्या हायब्रिड बसही धावू लागल्या. सर्वसाधारण ग्राहकाच्या दारात हे तंत्र खऱ्या अर्थाने पोचले ते 2022मध्ये, होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारामुळे.

प्रियसच्या डॅशबोर्डावर उमटणाऱ्या लाल त्रिकोणाने जगभरच्या मेकॅनिकांना धडकी भरवली. कारण तो एका कारणाचा दिवा नाही. कुठेतरी काहीतरी गंभीर आहे, इतकेच तो सांगतो. स्कॅनर लावला की पी0ए80 असा कोड येतो. त्याचा छापील अर्थ बॅटरी बदला. घाईचा माणूस तेवढे वाचून लाखाच्या घरातले अंदाजपत्रक देतो. जाणकार तिथे थांबतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बॅटरीत 28 मॉड्यूल असतात आणि गाडीचा संगणक ती 14 जोड्यांत मोजतो. गाडीवर भार टाकून या जोड्यांचे व्होल्टेज पडद्यावर बघत बसावे लागते. तेरा जोड्या एकत्र खालीवर होतात आणि एकच दबून बसते, तेव्हा दोष हाती लागतो. कधी त्याच्याही आधीचे कारण सापडते. मागच्या सीटजवळच्या जाळीतून बॅटरी थंड करणारी हवा आत जाते. धुळीने आणि केसांनी ती वाट बुजली की बॅटरी तापते आणि तापून तापून म्हातारी होते.

पावसाळ्यात पाण्यातून काढलेल्या गाडीत पी0एए6 आला, तर उच्च दाबाच्या विजेचे इन्सुलेशन कुठेतरी कमी पडतेय असे समजावे. महिनाभर वाडीवर उभ्या असलेल्या गाडीत एकाच वेळी पाच-सहा दिवे लागले, तर आधी साधी 12 व्होल्टची बॅटरी तपासावी. कित्येकदा सगळा गोंधळ तिचाच असतो.

कानाची परंपरा इथे वाया जात नाही. ऐकणे, थांबणे, एक-एक शक्यता बाद करणे हीच ती विद्या. पण उच्च दाबाच्या नारिंगी वायरींना कान लावता येत नाही. दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बॅटरीचा दाब 201.6 व्होल्ट असतो आणि बोनेटखाली तो वाढवून 500पर्यंत नेला जातो. बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला सुमारे दहा मिनिटे द्यावी लागतात, आणि हातात 1000 व्होल्टसाठी प्रमाणित रबरी मोजे लागतात.

ही माहिती रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत पोचू दिली गेली नाही, हा या इतिहासातला सलणारा भाग. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र मेकॅनिकांना सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि निदानाची साधने सहज मिळू न देणे हा त्यातला मुख्य आक्षेप होता. 2022च्या अखेरीस केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले.

2022च्या टोयोटा आणि मारुती हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षांची किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. म्हणजे 2030च्या सुमारास या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर, चारोटी-तलासरीच्या गॅरेजांपुढे उभ्या राहू लागतील. तोवर आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ते रबरी मोजे, जोड्यांचे व्होल्टेज दाखवणारा स्कॅनर आणि उघडून बघायला एक जुनी हायब्रिड बॅटरी यायला हवी.