जुनी गाडी, नवे इंजिन

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश राज्याची पुनर्रचना झाली आणि भोपाळ हे त्याच्या राजधानीचे शहर ठरले. नागपूरचा राजधानीचा मान गेला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश व भोपाळ या चार मुलखांचा कारभार तळ्याकाठच्या या संस्थानी नगरीतून चालू लागला. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली, आणि १९६० साली तिच्या भोपाळच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. जुने शहर एकीकडे, सरकारी वसाहत दुसरीकडे, कारखाना तिसरीकडे. पायी फिरण्याजोगे गाव अशा रीतीने मोटारीवाचून न चालणारे शहर झाले.

मोटारी मात्र शहराइतक्या झपाट्याने नव्या होत नव्हत्या. संस्थानी अमलात हौसेने आणविलेल्या अमेरिकन व विलायती गाड्या, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिल्लक मालातून विकल्या गेलेल्या जीपा आणि देशात नुकत्याच तयार होऊ लागलेल्या मोजक्या मोटारी, एवढ्यावर भोपाळसारख्या राजधान्यांना भागवावे लागे. गाडीचा पत्रा व सांगाडा पुष्कळ वर्षे टिकतो. इंजिन त्या मानाने लवकर झिजते. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो : गाडी मोडीत काढावी, तेच इंजिन पुन्हा बांधून घ्यावे, की निराळेच इंजिन आणून बसवावे? हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर दर दोन दशकांनी का बदलत गेले हे पाहू गेल्यास देशाच्या अर्थकारणाचा बराच इतिहास त्यात सापडतो.

या इतिहासाचा पहिला अध्याय महायुद्धाच्या काळातला. पेट्रोलवर नियंत्रण आले, शिधापत्रिकेप्रमाणे पेट्रोलची कुपने निघाली, आणि बसगाड्यांच्या व मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडण्यात आली. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडावयाचा, अशी ती युक्ती होती. इंजिन तेच राही, केवळ त्याचे खाद्य बदले. त्याची किंमत शक्तीत मोजावी लागे. पेट्रोलवर मिळणाऱ्या शक्तीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, वायुभट्टीवर गमवावा लागे, आणि चढावर गाडी धापा टाकी. युद्ध संपून पेट्रोल मिळू लागले तशा या भट्ट्या उतरविण्यात आल्या, आणि इंजिन मूळचेच असल्यामुळे त्या उतरविता आल्या. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिचे महत्त्व दिसेल.

दुसरा अध्याय १९५३ सालापासून सुरू होतो. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईस शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी तयार करीत असे. फोर्ड कंपनीचेही तसेच कारखाने होते. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने असे धोरण आखले, की ज्यांना भाग येथेच बनवावयाचे नसतील त्यांनी नुसती जोडणीही करू नये. १९५४ पर्यंत या दोन्ही कंपन्यांनी आपला पसारा आवरला. धोरण देशी उद्योगाच्या हिताचे होते. त्यामुळेच उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स यांना वाव मिळाला. पण ज्यांच्या दारात शेवरलेट किंवा ब्यूक उभी होती, त्यांचे सुटे भागच आटले. सहा सिलिंडरांच्या साडेतीन लिटर इंजिनाला नवे पिस्टन मिळेनात, आणि मिळाले तरी पेट्रोलचा खर्च परवडेना. अशा वेळी डिझेल इंजिनाचा मोह पडणे स्वाभाविक होते. पर्किन्सचे सहा सिलिंडरांचे इंजिन मद्रासच्या सिम्प्सन कंपनीत तयार होऊ लागले होते आणि मालमोटारींत ते रुळले होते. तेच जुन्या मोटारीत बसविले तर?

‘बसेल का?’ हा त्यातला सर्वांत सोपा प्रश्न होता. लेथ व वेल्डिंगची सोय असलेल्या कोणत्याही हुशार मिस्त्रीला इंजिनाचे पाय नव्याने करून, क्लचच्या घराला जोडपट्टी घालून, इंजिन बॉनेटखाली उतरविता येई. अवघड प्रश्न त्यापुढचे होते, आणि बहुतेक मालक ते विचारीत नसत.

पहिला प्रश्न वेगाचा. पेट्रोल इंजिन मिनिटास ३,६०० फेरे घेत असताना गाडी ताशी ६० मैल जात असेल, तर मिनिटास २,४०० फेऱ्यांवर थांबणारे डिझेल इंजिन त्याच गिअरवर व त्याच मागच्या आसावर तिला ताशी ४० मैलांपुढे नेणार नाही. इंजिन कितीही ताकदवान असो, हे गणित चुकत नाही. वेग हवा असेल तर मागच्या आसातील दातेचक्रांचे प्रमाण बदलले पाहिजे. म्हणजे एका बदलाने दुसरा बदल ओढून आणला. दुसरा प्रश्न वजनाचा. मालमोटारीसाठी ओतलेले लोखंडी इंजिन पुढच्या स्प्रिंगांवर भार घालते, सुकाणू जड होते, आणि डिझेलच्या थरथरीने जुन्या सांगाड्याचे रिव्हेट सैल होऊ लागतात. तिसरा प्रश्न विजेचा. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असे. डिझेल इंजिन फिरवून चालू करण्यास ती पुरी पडत नसे.

चौथा प्रश्न मात्र जिवाशी गाठ घालणारा होता. ज्या गाड्यांचे ब्रेक पोकळीच्या ओढीने हलके केलेले असत, त्यांना ती ओढ पेट्रोल इंजिनाच्या शोषनळीतून मिळे. पेट्रोल इंजिनात हवेची वाट अडविणारी झडप असते, म्हणून तेथे पोकळी निर्माण होते. डिझेल इंजिनात बहुधा तशी झडप नसते; म्हणून पोकळीही नसते. तिच्यासाठी निराळा पंप बसविला नाही, तर इंजिन उत्तम चालते, चढ उत्तम चढते, आणि उतारावर पाय ब्रेकवर दाबला की तो दगडासारखा लागतो. भोपाळच्या श्यामला टेकडीसारख्या उतारावर ही उणीव ध्यानात येणे म्हणजे फार उशिरा ध्यानात येणे होय. इंजिन बदलले म्हणजे गाडीचे सारे अवयव एकमेकांशी नव्याने जुळवावे लागतात, हे ज्याने जाणले त्याची गाडी धावली. ज्याने जाणले नाही त्याने चांगले इंजिन व चांगली गाडी अशी दोन्ही वाया घालविली.

१९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचे शस्त्र उपसले. काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. ज्या बंगल्यांत मोठ्या गाड्या होत्या तेथे त्या झाकून ठेवण्याची पाळी आली, आणि ज्यांची उपजीविकाच गाडीवर होती त्यांनी डिझेलची वाट धरली. येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, पेट्रोलवर गाडी लिटरला ७ किलोमीटर जाते आणि डिझेलवर १४. महिन्याकाठी ३०० किलोमीटर फिरणाऱ्या घरगुती मालकाचे त्यात सुमारे २१ लिटर वाचतात. महिन्याकाठी ३,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याचे २१४ लिटर. गाडी तीच, इंजिन तेच, मिस्त्रीची मजुरीही तीच. एकाचा खर्च लवकर भरून येतो. दुसऱ्याचा भरून येईपर्यंत कदाचित गाडीच राहत नाही. डिझेलवर कराची सवलत असल्यामुळे टॅक्सीवाल्याचे पारडे आणखी जड होई.

या काळात भोपाळच्या काय किंवा इंदूरच्या काय, जुन्या गाड्यांत जाणाऱ्या इंजिनांशी महाराष्ट्राचा संबंध निकटचा होता. महिंद्र कंपनीने प्रथम आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये घातले, व १९८० नंतर प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याचे इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात काढले. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीच्या मॅटॅडोर गाडीत मर्सिडीजच्या परवान्याचे डिझेल इंजिन आले. अँबॅसडरमध्ये किंवा जीपमध्ये ‘मॅटॅडोरचे इंजिन’ बसविणे हा उत्तर व मध्य हिंदुस्थानातील मिस्त्र्यांचा नेहमीचा उद्योग होऊन बसला.

खुद्द कारखानदारही याच वाटेने गेले, ही त्यातली बोधप्रद गोष्ट. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये काँटेसा बाजारात आणली. देह व्हॉक्सहॉलच्या मोठ्या मोटारीचा आणि इंजिन अँबॅसडरचे दीड लिटरचे. ती गाडी दिसण्यात भारदस्त आणि चालण्यात मंद निघाली. पुढे तिला जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, आणि १९९० नंतर तेच अँबॅसडरलाही देण्यात आले. प्रीमियरची ११८ एन. ई. (१९८५) म्हणजे इटालियन फियाटचा देह व जपानी निसानचे इंजिन. या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. इसुझूचे इंजिन आले ते पाच गिअरांच्या नव्या गिअरबॉक्ससह आले. निसानच्या इंजिनाबरोबरही निसानचीच गिअरबॉक्स आली. ज्यांच्यापाशी आराखडे होते, चाचणीची साधने होती व इंजिनियरांचा ताफा होता, त्यांनीही नुसते इंजिन बदलण्याचे धाडस केले नाही.

कायद्याने या विषयाकडे केव्हाही डोळेझाक केली नव्हती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीतील फेरफार नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याची तरतूद होती. १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाने, विशेषतः २००० सालच्या दुरुस्तीनंतर, बंधन पुष्कळ कडक केले. कारखानदाराने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. वायू किंवा वीज यांवर गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्यास मात्र ठरीव अटींवर मुभा आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच बनावटीचे व त्याच जातीचे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने बदलणे निराळे आणि दुसऱ्या कुळाचे इंजिन घालणे निराळे. नोंदणीपुस्तकातील इंजिनाचा क्रमांक आणि गाडीतील क्रमांक जुळत नसेल, तर अपघाताच्या प्रसंगी विम्याचा आधारही डळमळतो.

आणि मग २०२१ साली काळाने एक विलक्षण उलटफेर केला. त्या वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम जारी केले. अशा गाडीस दहा वर्षांची खास नोंदणी मिळते. प्रदर्शन व रॅली यांसारख्या प्रसंगी ती रस्त्यावर आणता येते. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाड्यात, देहात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जो बदल १९७४ साली गाडीला भंगारातून वाचवीत होता, तोच आता तिला या मानाच्या पंक्तीतून उठवू शकतो. पेट्रोल २०१० मध्ये व डिझेल २०१४ मध्ये सरकारी भावातून मुक्त झाल्यावर दोहोंतील अंतरही पूर्वीचे राहिले नाही. ज्या टंचाईने इंजिने बदलावयास लावली ती टंचाई ओसरली. बदललेली इंजिने मात्र गाड्यांत राहिली.

यावरून पूर्वीच्या माणसांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे पोट होते, दवाखाना होता, मुलांची शाळा होती. वारसा हा शब्द गाडीला लावण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. त्यांच्यातील दूरदर्शी माणसांनी एवढे केले, की सांगाड्याला करवत लावली नाही आणि काढलेले इंजिन भंगारवाल्यास न देता तेल लावून पडवीत झाकून ठेवले. युद्धकाळातील कोळशाच्या भट्टीप्रमाणे त्यांचा बदल उलटविता येण्याजोगा राहिला. त्यांच्या नातवंडांना आज निवड करता येते. ज्यांनी सांगाडा कापला, त्यांच्या वारसांना ती नाही.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने प्रश्नांचा क्रम बदलला पाहिजे. मूळ इंजिन पुन्हा बांधता येते काय, हे प्रथम पाहावे. सुटे भाग घडवून देणारे कारागीर आज पूर्वीपेक्षा सुलभ आहेत. ते अशक्यच असेल, तर कायद्याची संमती आहे काय, ब्रेक व आस तो भार पेलतील काय, आणि वर्षाकाठी गाडी जितकी धावणार आहे तितक्यात खर्च भरून येईल काय, हे विचारावे. ‘बसेल का?’ हे सर्वांत शेवटी. आणि एवढे होऊनही बदल करावयाचाच ठरला, तर जे काढले ते जपून ठेवावे. कारण आजची गरज उद्याचा पश्चात्ताप ठरणार की नाही, हे पुढच्या पिढीलाच कळावयाचे असते.