सोळा आणे जमीन: सातबाऱ्यातल्या एका रकान्याची गोष्ट

आजचा एपिसोड आमच्या घरच्या वाटणीपासून सुरू होतो.

बाबा आणि काकांची मिळून चार एकर जमीन. मी म्हटलं, दोन-दोन एकर करा, विषय संपला. आजी हसली. "अरे, वरचं मुरमाड, खालचं काळं. एकर सारखा असतो, जमीन नसते."

मग सातबारे उघडून बघितले. दोन्ही तुकडे दोन-दोन एकरांचे, पण 'आकार' या रकान्यात आकडे वेगळे. आकार म्हणजे शेतसारा. पण एवढा फरक का? शोधत शोधत पोचलो थेट इंदापूरला, एकोणिसाव्या शतकात.

१८१८ ला पेशवाई संपली आणि सारा ठरवायचं काम कंपनी सरकारकडे आलं. १८२०च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने रिकार्डोची थिअरी लावली: उत्पन्नातून खर्च वजा करा, उरेल त्यातले ५५ टक्के सरकारचे. लॉजिक एकदम क्लीन. पण पीक किती, खर्च किती, हे आकडेच चुकीचे होते. इनपुट खराब, तर आउटपुट काय येणार? फक्त इथे प्रोग्रॅम नाही, गावं क्रॅश झाली. सारा झेपेना, शेतं पडीक पडली, माणसं निजामाच्या मुलखात निघून गेली.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. विंगेट लष्करातला इंजिनिअर. पिकाचा हिशोब सोडून त्यांनी माती मोजली. शेताचे भाग पाडायचे, खणून खोली बघायची. बारीक, काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. पाव हातच असेल तर साडेचार आणे. चुनखडी, वाळू, उतार असे दोष निघाले की प्रत खाली. हवामान आणि बाजाराचं अंतर बघून गावांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचा कमाल दर ठरवायचा. ठरलेला सारा ३० वर्षं बदलायचा नाही. हळूहळू पडीक रानं पुन्हा लागवडीखाली आली.

आता गंमत बघा. आकार म्हणजे जमिनीची किंमत नव्हे. पण आजही रेडी रेकनरमध्ये ग्रामीण जिरायत जमिनीचे दर हेक्टरी आकाराच्या टप्प्यांनुसार असतात, आणि व्यवहाराची स्टॅम्प ड्युटी ठरवताना तो दर बघितला जातो. म्हणजे जुन्या काळी कुणीतरी खणून बघितलेली माती आजच्या खरेदीखतापर्यंत येऊन पोचते. त्या आण्यांत नंतर खणलेली विहीर नाही, नंतर झालेला रस्ता नाही. बाजारभाव आणि सरकारी दर यांच्यात अंतर पडतं, त्याचं हे एक मोठं कारण.

आमच्याकडे शेवटी काकांनी वरचं अडीच एकर घेतलं, बाबांनी खालचं दीड. विहीर खालच्या तुकड्यात, म्हणून पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून घेतल्या. आजीने विचारलं, "आता बरोबर झालं का तुझं गणित?"

म्हटलं, आजी, गणित तुझंच होतं. मी फक्त रकाना वाचला.

तुमच्या सातबाऱ्यावर आकार किती आहे? आज बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचं कारण विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!